जास्तीचे दोन फेरे

“हँडल सोड! आधी हँडल सोड म्हणतो ना!”

स्कूटर धड स्टँडवर लावायलाही न थांबता गहिनीनाथ मिस्तरी ओरडतच कालव्याच्या भरावावर चढले. वर चौदा नंबरच्या गेटाशी राजेश्वरी घामाघूम उभी होती. हँडलला तिने हातभर लोखंडी पाइप अडकवला होता आणि त्या पाइपवर चिंचमळ्याच्या रंगनाथअण्णांचेही दोन्ही हात होते. दोघांनी मिळून जोर लावला की गिअरपेटीतून करकर आवाज येई आणि सगळं जागच्या जागी अडे.

“सोडलं,” राजेश्वरी म्हणाली. तिचे तळहात लालबुंद झाले होते. “दोन बोटं वर येतंय न् आडतंय, मिस्तरीकाका. खाली मातर बिनबोभाट जातंय.”

“कवापासून?”

“काल सांजच्याला. पाणी यायच्या आधी एकदा वरखाली करून बघावं म्हनलं, तर हे आसं. मी लगीच साहेबांना फोन केला.”

तो फोनच तिच्या अंगाशी आला होता. सकाळी शाखा अभियंता सुमंत साहेब जीपमधून उतरले ते हातात कागद घेऊनच. कारणे दाखवा नोटीस. गेट हाताळताना केलेल्या निष्काळजीपणामुळे शासकीय मालमत्तेचं नुकसान, वगैरे. राजेश्वरी कालव्याची चौकीदार होऊन दीडच वर्ष झालं होतं. वडील बजरंग याच गेटावर सत्तावीस वर्षं चौकीदार होते. ते गेले आणि अनुकंपेवर ती लागली. जूनमध्ये कायम व्हायची होती. आता कायम व्हायच्या ऐवजी घरी जायची वेळ आली होती, आणि घरी आई होती, पाच वर्षांची मुलगी होती.

“आवो, बाईमाणसाच्या हातातलं काम हाय का ते?” रंगनाथअण्णा म्हणाले. ते चिंचमळ्याच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण तोंडावर ताबा नव्हता. “मिस्तरी, ते जाऊ द्या. वरनं पानी सुटलंय. चारच्या सुमाराला हितं येतंय. आमची पाळी तीन दिसांची. गेट न्हाई उघडलं तर पानी म्होरल्या गावाला जाईल न् आमचं तळं कोरडंच. गावाला प्यायला तेवढंच हाय.”

“मला म्हाइत हाय, अण्णा.”

“म्हाइत आसून काय उपेग? उघडा की!”

मिस्तरींनी पाइप काढून बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि गेटाला एक फेरी मारली.

गेट म्हणजे तसं साधं प्रकरण. खाली पोलादी दार, ते दोन बाजूंच्या खाचांत वरखाली सरकतं. दाराला जोडलेला दहा-बारा फूट उंचीचा आटे पाडलेला दांडा, आणि वर गिअरपेटीत एक पितळी नट. हँडल फिरवलं की नट फिरतो, दांडा चढतो, दार उचललं जातं. यात बिघडण्यासारखं काही नाही असं पाहणाऱ्याला वाटतं. मिस्तरींना मात्र त्यात बिघडणाऱ्या अकरा जागा ठाऊक होत्या. उमेदवारीत भंडारदऱ्याला असताना तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरने त्या त्यांच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. त्या माणसाचा हात मोठा खरबरीत होता आणि एखादी जागा विसरली की तो हात डोक्यावर पडे.

“गहिनीनाथ, मी गॅसकटरवाल्याला बोलावलंय,” सुमंत साहेब म्हणाले. पोरगेलासा माणूस, शहरात सावेडीला राहणारा, हुशार, पण आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या काळात वरून येणाऱ्या फोनांनी पार कावलेला. “दार कापून काढू. निदान पाणी तरी जाईल.”

“न् तीन दिसांनी बंद कसं करनार, साहेब? खालच्या वावरांत न् रस्त्यावर पानीच पानी हुईल.”

“मग तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?”

“आजून न्हाई. आधी दुखतंय कुठं ते तर बघू द्या. चारपर्यंत कालवा कोरडा हाय, तवर खाली उतरता येतंय. कटरवाल्याला झाडाखाली बसवा. चहा पाजा त्याला.”

त्यांनी तळहात गिअरपेटीवर पालथा ठेवला आणि राजेश्वरीला नुसत्या हाताने, हळू, हँडल फिरवायला सांगितलं. डोळे मिटून ते ऐकत राहिले. दाते ठीक होते. दांडा हलत होता, म्हणजे गिअर नि नट जोडणारी चावीही शाबूत. मग ते दोरी धरून कोरड्या कालव्यात उतरले. सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, तिच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. दाराच्या दोन्ही कडांना पहार लावून त्यांनी ते हलवून पाहिलं. दार खाचेत मोकळं होतं. गाळ नव्हता, दगड नव्हता.

“राजेश्वरी, पिशवीतला वळंबा टाक खाली.”

ओळंब्याची दोरी दांड्याशेजारी सोडली आणि ते मागे सरकून बघत राहिले. वर दोरी आणि दांडा एकमेकांना चिकटून, खाली चिकटून, आणि मध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर. दांडा वाकला होता. वाकलेला भाग नटात शिरला की नट त्याला गिळू शकत नव्हता, म्हणून दार दोन बोटं उचलून अडत होतं.

“सापडलं,” ते वर बघून म्हणाले.

सुमंत साहेब काठावर ओणवे झाले. “वाकलाय ना? मी म्हणत होतोच. पाइप लावून जोर केला की दुसरं काय होणार?”

“न्हाई, साहेब. वर वढून दांडा वाकत न्हाई. सुतळीचं टोक वढलं तर सुतळी सरळच ऱ्हाती की. ती वाकती वरनं दाबली की. दार खाली टेकल्यावर बी कुनी हँडल फिरवत ऱ्हायलं, की मग हा दांडा...”



वरून साहेब “मग? मग काय?” असं विचारत राहिले. मिस्तरींचा हात दांड्यावर होता आणि तो त्यांनी काढला नाही. कुणी दाबलं होतं हे त्यांना ठाऊक होतं.

वीस वर्षांपूर्वी, टंचाईच्या साली, हे चौदा नंबर गळायचं. बंद केलं तरी खालून बोटभर धार. कुणाच्या तरी वावरात ती मुरली, कुणीतरी तक्रार केली आणि तेव्हाच्या साहेबाने सगळ्यांदेखत मिस्तरींची हजेरी घेतली. त्या दिवशी चिडून मिस्तरी बजरंगला म्हणाले होते, “दार टेकलं की थांबू नगं. पाइप लाव न् वर दोन फेरे दे. थेंब सुटला तर नाव बदलीन.” बजरंगने दिले. थेंब सुटला नाही. साहेब खूश झाले, आणि ती युक्ती एका गेटाकडून दुसऱ्या गेटाकडे जात कालव्यावरच्या अडतीसही गेटांवर पोचली. चौकीदार तिला ‘मिस्तरीचे दोन फेरे’ म्हणत. नवा चौकीदार लागला की जुना त्याला आधी तेच शिकवी. मिस्तरी कुठल्याही गेटावर गेले की चहा यायचा आणि चहाबरोबर त्या दोन फेऱ्यांचं कौतुकही. खोटं कशाला बोला, ते कौतुक त्यांना चहापेक्षा गोड लागे.

आणि इतक्या वर्षांत त्यांना एकदाही वाटलं नाही, की दार टेकल्यावर फेरे जातात तरी कुठे? जायला जागा नसते. ते दांड्यात जातात.

“नट काढून बघतो,” ते वर येत म्हणाले. खात्री असतानाही पुरावा बघायची सवय त्यांना होती.

तिवई उभी केली, साखळीची पुली लावली, गिअरपेटी उघडली. नट हातात आल्यावर त्यांनी रॉकेलने धुतला आणि उन्हाकडे धरून आत पाहिलं. दार उचलताना आट्यांची एक बाजू घासते, खाली दाबताना दुसरी. उचलायची बाजू बऱ्यापैकी होती. दाबायची बाजू वस्तऱ्यासारखी धारदार झाली होती. अशी झीज एका संध्याकाळी होत नाही, दीड वर्षातही होत नाही. दर आवर्तनाला दोन फेरे, अशी कैक वर्षं लागतात.

त्यांनी नट खिशात टाकला. कुणाला काही दाखवलं नाही. माणूस कितीही सरळ असला तरी त्याला घटकाभर असं वाटतंच, की हे आपल्यालाच दिसलंय तर आपल्यापाशीच राहू द्यावं. आठ महिन्यांनी निवृत्ती होती. सगळे चौकीदार मिळून सत्कार करणार होते, फेटा नि शाल ठरली होती.

दाराच्या जोडाची पिन सुटायला बारा वाजले. चिंचमळ्याची चार माणसं आणि साखळी, असा दांडा वर ओढून भरावावर आडवा घातला. तेवढ्यात राजेश्वरीचा फोन वाजला. वरच्या गेटाचा चौकीदार होता. “पाच नंबरला लागलं पानी,” तिने सांगितलं.

“म्हंजी अजून चार तास. दोन घास खाऊन घिऊ.”

बाभळीखाली बसून त्यांनी डबा उघडला. राजेश्वरी जरा लांब बसली होती, पदराने हात पुसत. तिने भाकरी काढली, पण खाईना.

“काका, मी काय लिहू त्या नोटिशीला? मी खरंच जोर न्हवता केला. अडलं तसं हात काढला. उघडायला पाइप आजच लावला, अण्णा म्हनले म्हनून.”

“तुला काय लिहायचं न्हाई. तुझी चूक न्हाई.” त्यांनी खिशातून नट काढून तिच्यापुढे ठेवला. “तू गेट बंद करताना काय करतीस?”

“दार टेकवती. मग तुमचे दोन फेरे.”

“कुनी शिकवलं?”

“आप्पांनी.”

“न् आप्पाला?”

ती नटाकडे बघत राहिली, मग मिस्तरींकडे. तिला कळलं होतं.

“मी शिकवलं,” ते म्हणाले. “चूक तुझी न्हाई, तुझ्या बाची बी न्हाई. माझी हाय. मला फिटर म्हनत्यात न् मला एवढं कळलं न्हाई.”

त्यांना वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका, कुणाकडून चुका होत नाहीत. तशी तयारीही त्यांनी मनात केली होती. राजेश्वरी तसं म्हणाली नाही.

“आप्पांचा उजवा खांदा त्यातच गेला,” ती शांतपणे म्हणाली. “त्ये दोन फेरे लई जड जायचे. घरी आले की आई मीठ तापवून फडक्यात बांधायची, मी शेकायची. शेवटी शेवटी तर हात डोक्याच्या वर जात नव्हता. आम्ही म्हनायचो, टेकलं की सोडून द्या ना. तर म्हनायचे, मिस्तरीनं सांगितलंय, त्याला कारन असल.”

बजरंग मिस्तरींना कधी एका शब्दाने बोलला नव्हता. त्याच खांद्याने त्याने त्यांना कितीदा तरी चहाचा कप पुढे केला असेल. डबा झाकून मिस्तरी उठले.

“चल. दांडा सरळ करू.”

मग मिस्तरींनी जे काम केलं, ते त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनीही पूर्वी पाहिलं नव्हतं. दोन जाड लाकडी ठोकळ्यांवर दांडा ठेवला. वरून जुना लोखंडी गर्डर साखळदंडांनी बांधला आणि दांडा नि गर्डर यांच्यामध्ये ट्रकचा जॅक बसवला. आटे चेंबू नयेत म्हणून मध्ये लिंबाच्या फळीचा तुकडा. जॅकचा एक दट्ट्या मारायचा, थांबायचं, जॅक सोडायचा, दोरी लावून बघायचं. लोखंड परत मागे येतं. मग पुन्हा, केसभर जास्त. घाई केली तर दांडा दुसरीकडे वाकतो आणि मग देवही त्याला सरळ करू शकत नाही.

“जरा नेट लावा की, मिस्तरी!” रंगनाथअण्णांचा जीव वरखाली होत होता. “नऊला आलं म्हनत्यात पानी!”

“नेट लावूनच हे झालंय, अण्णा,” मिस्तरी मान वर न करता म्हणाले.

दोन वाजले. दोन बोटांचं अंतर एक बोट झालं. अडीचला अर्धं. शर्ट पाठीला चिकटला होता, चष्म्यावर घामाचे थेंब पडत होते. राजेश्वरी दोरीचं दुसरं टोक धरून बसली होती आणि प्रत्येक वेळी आधी तीच सांगत होती, “आजून हाय, काका. आजून.” तिची नजर त्यांच्यापेक्षा चांगली होती. तीनला पाच मिनिटं कमी असताना तिने दोरी दोनदा लावून पाहिली आणि मान हलवली. “बसली.”

चेपलेले आटे त्यांनी तिकोनी कानशीने घासून घेतले. नट होता तसाच परत बसवला, कारण उचलायची बाजू अजून धड होती. तात्पुरता इलाज, पण एक-दोन आवर्तनं निघाली असती. दांडा खाली सोडला. जोडाची पिन ठोकायला ते स्वतः उतरले. कुणाला उतरू दिलं नाही, कारण फोन येऊन गेला होता. बारा नंबर.

पिन बसली, वर चढायला दोरी हातात घेतली आणि त्यांना ते ऐकू आलं. कोरड्या कालव्यातून येणारं पहिलं पाणी पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या ढकलत येतं, त्याची एक खसखस असते. चार माणसांनी त्यांना अक्षरशः ओढून वर घेतलं. पाणी दाराला भिडलं तेव्हा त्यांचा एक पाय अजून भिंतीवर होता.

“घे,” ते राजेश्वरीला म्हणाले.

“मी?”

“चौकीदार कोन हाय?”

तिने हँडल धरलं. पाइप लावला नाही. एक फेरा, दोन, पाच. दोन बोटांची जागा आली. हँडल जरा जड झालं, पुन्हा हलकं झालं आणि दांडा वर चढत राहिला. दाराखालून गढूळ पाणी उसळलं आणि चिंचमळ्याच्या चारीत शिरलं. रंगनाथअण्णांनी टोपी काढून हवेत फेकली, ती थेट पाण्यात पडली आणि त्यांच्या आधी गावाकडे निघाली.

माणसं चारीच्या कडेने पाण्याबरोबर चालत गेली. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मिस्तरी दुरुस्तीचा अहवाल लिहायला बसले. सुमंत साहेब शेजारी उभे राहून वाचत होते, आणि बिघाडाच्या कारणापाशी त्यांनी मिस्तरींचा हात धरला.

“गहिनीनाथ, हे काय लिहिताय?”

“जे हाय ते.”

“अहो, स्वतःचं नाव? आठ महिने राहिलेत तुमचे. ठपका बसेल, सेवापुस्तकात चढेल.” साहेबांनी आवाज उतरवला. त्यांना मिस्तरींबद्दल खरोखरच आदर वाटायला लागला होता, म्हणूनच ते असं बोलले. “असं करा, पूर्वीचा चौकीदार फेरे जास्त द्यायचा असं लिहा. खोटंही नाही ते. बजरंग आता नाहीत. त्यांचं काही बिघडत नाही, हिची नोटीस मी मागे घेतो, तुम्हीही सुटता.”

दहा पावलांवर राजेश्वरी पाण्याची पातळी बघत पाठमोरी उभी होती. तिला ऐकू गेलं असावं, पण ती वळली नाही.

“त्यानं मी सांगितलं तेच केलं, साहेब. न् ते करता करता त्याचा खांदा गेला. आता मेल्यावर त्याच्या नावावर हे बी घालू?” त्यांनी हात सोडवून घेतला आणि वाक्य पुरं केलं. ‘दार पूर्ण बंद झाल्यावर जादा दोन फेरे देण्याची तोंडी सूचना फिटर गहिनीनाथ यांनी दिलेली असून त्यामुळे दांडा वाकला. चौकीदाराचा दोष नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली. “न् साहेब, दुसरं. बाकीच्या सदतीस गेटांवर बी हेच चाललंय. माझी ड्यूटी तिकडं लावा. मी जाऊन सांगतो समद्यांना.”

“परिपत्रक काढू की आपण.”

“कागदानं शिकले न्हाईत ते. माझ्या तोंडानं शिकलेत.”

ठपका बसला, आणि मिस्तरी गेटागेटावर गेले. काही चौकीदार हसले, काही आपल्या कामाला लागले. एका म्हाताऱ्याने दुखावलेलं मनगट पुढे करून दाखवलं, नुसतं दाखवलं आणि खाली केलं. तीन-चार ठिकाणी चहा आला नाही. सत्काराचा विषय नंतर कुणी काढला नाही, त्यांनीही नाही.

या सगळ्याच्या आधी, तीन दिवसांनी चिंचमळ्याची पाळी संपली त्या संध्याकाळी, ते चौदा नंबरवर होते. कुणी बोलावलं नव्हतं. राजेश्वरी दार खाली घेत होती. हँडल हळूहळू जड होत गेलं, दार टेकल्याचा ‘ठप्’ असा आवाज आला आणि सवयीने तिचा खांदा पुढे झाला. मिस्तरींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिने खांदा मागे घेतला. हँडल सोडलं.

दाराखालून करंगळीएवढी धार निसटत राहिली.

“गळतंय, काका.”

“गळू दे.”

ती भरावावर बसली आणि तिने गेटाची नोंदवही उघडली. गळतीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, आधी आप्पांच्या अक्षरात आणि मग तिच्या, एकच शब्द होता, निरंक. तिने पेन टेकवलं, थोडा वेळ धारेकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘थोडी आहे.’ मग वही मिस्तरींकडे वळवली. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं आणि तिच्या सहीशेजारी आपलीही सही केली.